लग्न विहारात, पुरावा कुणाच्या दप्तरात?

मे महिन्यात वीर स्टेशनवर उतरणारी गर्दी पाहिली की लक्षात येतं, आपल्या गावांतली लग्नं अजूनही सुट्टीच्या आणि रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतात. मुंबईकर मंडळी उतरतात, तिथून महाड-पोलादपूरच्या वाड्यांकडे पांगतात. बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील देतात, वधूवर प्रतिज्ञा घेतात, पुष्पहार घालतात, गाथा होतात, पंगत उठते आणि चाकरमानी परतीच्या गाडीला लागतात. नोंदणी? "पुढच्या खेपेला आलो की बघू." समितीने दिलेला दाखला तेवढा कपाटात जातो.

हा दाखला कायद्याच्या तराजूत किती भरतो, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. एप्रिल 2024 मध्ये न्या. नागरत्ना आणि न्या. मसीह यांच्या खंडपीठाने एका प्रकरणात स्पष्ट केलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाला नसेल, तर संस्थेचं प्रमाणपत्र असो की सरकारी नोंदणी, त्याने लग्न सिद्ध होत नाही. त्या जोडप्याने एका खासगी समितीचा दाखला घेऊन त्यावर नोंदणी करून घेतली होती, विधी केलाच नव्हता. आपली गोष्ट उलटी आहे. विधी होतो, कागद राहतो. तरी निकाल आपल्याला लागू आहे, कारण 1955 चा तो कायदा बौद्धांनाही लागू आहे.

त्या कायद्याचं कलम 7 म्हणतं, विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी करून लागला पाहिजे. सप्तपदी सर्वांना सक्तीची नाही. ज्यांच्या रूढीत ती आहे त्यांनाच. पण कलम 3 मध्ये रूढीची व्याख्या बघा: दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळलेली. आपला मंगल परिणय विधी 14 ऑक्टोबर 1956 नंतरचा. जुनी रूढी तर आपण जाणीवपूर्वक सोडली. मग न्यायालयात कुणी विचारलं, "तुमची रूढी किती जुनी?", तर उत्तर काय द्यायचं? सत्तर वर्षं पुरेशी आहेत असं माझं मत आहे, पण प्रत्येक जोडप्याने ते स्वतःच्या खटल्यात सिद्ध करत बसावं का?

हे कागदी भांडण नाही. 1965 चा महाराष्ट्रातलाच एक खटला पाहा. नवऱ्याने पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत, म्हणून द्विभार्या प्रतिबंधाचा गुन्हाही नाही. नवरा सुटला. विधीबद्दलची संदिग्धता नेहमी बाईच्या अंगावर येते; पोटगी, पेन्शन, घरातला वाटा, सगळीकडे.

ख्रिस्ती समाजाकडे पाहिलं तर फरक कळतो. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्न कोण लावू शकतो हे ठरवून दिलं आहे आणि लग्नाची नोंद ठेवणं, ती सरकारकडे पाठवणं हे लग्न लावणाऱ्याच्या कामाचाच भाग आहे. चर्चचं रजिस्टर म्हणूनच वजनदार. शिखांचा आनंद विवाह कायदा 1909 चा, 2012 मध्ये त्यात नोंदणीची सोय झाली. उत्तराखंडच्या समान नागरी संहितेतही सप्तपदी, निकाह, आनंद कारज अशी नावं उदाहरणादाखल घेतली आहेत. मंगल परिणयाचं नाव तिथे नाही. यादी बंद नाही म्हणा, पण न लिहिलेल्याला सिद्ध करावं लागतं.

स्वतंत्र बौद्ध विवाह कायदा हवा, ही मागणी आपल्या मंचांवरून अनेक वर्षं होते. मला वाटतं, त्याआधी हाताशी असलेला रस्ता तामिळनाडूचा आहे. तिथे 1967 मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने कलम 7-अ घातलं: नातेवाईक-मित्रांसमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं सांगितलं, हार घातला किंवा अंगठी घातली, की विवाह वैध. पुरोहित नको. आणि महत्त्वाचं म्हणजे, आधी लागलेली तशी लग्नंही त्यात वैध ठरली. विवाह हा समवर्ती सूचीतला विषय; विधानसभा दुरुस्ती करू शकते, राष्ट्रपतींची संमती लागते. एका कलमाचं काम आहे. आपले आमदार त्यासाठी कधी उभे राहिले, हे ज्याने त्याने आपल्या मतदारसंघात विचारावं.

मरणाचा प्रश्न याहून अवघड आहे. जानेवारी 2025 मध्ये छत्तीसगडच्या बस्तरमध्ये एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचं पार्थिव सुमारे तीन आठवडे शवागारात पडून होतं, कारण गावात दफनाला विरोध होता. सर्वोच्च न्यायालयातही दोन न्यायमूर्तींची मतं जुळली नाहीत. न्या. नागरत्नांच्या मते कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफन व्हावं, न्या. शर्मांच्या मते ठरवून दिलेल्या जागीच. अखेर मृतदेह फार थांबवू नये म्हणून वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत दफनाचा आदेश झाला. "ठरवून दिलेली जागा" हे शब्द कोकणात राहणाऱ्याने नीट वाचावेत. आपल्याकडे वाडीवाडीचं स्मशान वेगळं. त्यामागची जात सांगायला नको; चवदार तळ्याच्या तालुक्यात ती कुणाला सांगायची? पण त्या जागेची नोंद सातबाऱ्यावर आहे का? की कुणाच्या तरी तोंडी परवानगीवर तीन पिढ्या चिता पेटते आहे? जमीन विकली जाते, रस्ता रुंद होतो, नवा मालक कुंपण घालतो, तेव्हा तोंडी परवानगी टिकत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 22 खाली जिल्हाधिकारी सरकारी जमीन स्मशानासाठी नेमून देऊ शकतात. ग्रामसभेचा ठराव, मग तहसीलदारांकडे अर्ज, असा हा मार्ग आहे.

दुसरी बाजूही आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात, अंत्यसंस्काराची जागा सांभाळणाऱ्यावरही मृत्यू कळवण्याची जबाबदारी आहे. समिती स्मशान सांभाळत असेल तर तिच्याकडे साधी वही तरी हवी. मुंबईत वारलेल्या माणसाचं पार्थिव गावी आणलं तरी नोंद मुंबईतच होते, 21 दिवसांत कळवायची. जलदान विधीच्या धावपळीत हे राहून जातं आणि वर्षभराने वारसाच्या कामात अडतं.

लग्नाचं काम तर त्याहून सोपं. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याप्रमाणे ग्रामीण भागात ग्रामसेवकच निबंधक. नव्वद दिवसांत अर्ज, तीन साक्षीदार, पत्रिका, फोटो आणि लग्न लावणाऱ्याची सही. ही सही बौद्धाचार्यांची. त्यांनी अर्ज लग्नाच्या मांडवातच भरून घेतला, प्रतिज्ञा घेतानाचा फोटो आवर्जून काढून ठेवला, तर मुंबईकरांचं पुढचं काम हलकं होईल. येत्या हंगामाआधी भारतीय बौद्ध महासभेच्या आणि बौद्धजन पंचायत समितीच्या गावशाखांनी आपापल्या ग्रामपंचायतीतून कोरे अर्ज आणून ठेवावेत.