विषयाला पैकीच्या पैकी

आमच्या वाचकमंडळात कादंबरीवर बोलायची वेळ आली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘विषय फार महत्त्वाचा आहे.’ दुसरं, ‘लेखकानं धाडस केलंय.’ तिसऱ्या वाक्याआधी चहा येतो आणि कादंबरी राहूनच जाते. विषयाला पैकीच्या पैकी गुण द्यायचे आणि उत्तरपत्रिका तपासायचीच नाही, ही सवय आपल्याकडे जुनी आहे. या पावसाळ्यात काही अलीकडच्या कादंबऱ्या ओळीनं वाचल्या, एक दुसऱ्यांदा. त्यांच्याबद्दल विषय बाजूला ठेवून बोलायचा विचार आहे.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हापासून ‘धरणग्रस्तांची कादंबरी’ एवढं म्हणून लोक तिला हातावेगळी करतात. धरणग्रस्तांवर लिहायचं म्हटलं की मोर्चा, मोबदला, कचेरीतले हेलपाटे, लबाड पुढारी हे सगळं आपोआप पानावर येऊन बसतं. खोतांनी म्हैस घेतली. गाव उठलं, माणसं नव्या जागी गेली, म्हैस मागंच राहिली; तिला आणायला गावातला माणूस पुन्हा त्या रानात शिरतो. मधल्या काळात म्हैस रानटी झालेली. दावं, वैरण, धारेची वेळ, मालकाची हाक, यातलं काहीच आता तिला बांधत नाही. जिला आपण पाळली असं समजत होतो तीच शिंगं रोखून समोर उभी राहिली, की माणसाच्या मालकीपणाचा सगळा तोरा उतरतो. महाराष्ट्रानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली केला. त्यात जमिनीचा हिशेब होता, घराच्या जागेचा होता. जनावराला काय वाटलं याचा रकाना कुठल्याच पंचनाम्यात नसतो, आणि खोत नेमके तिथं लिहितात.

त्यांच्या पन्हाळ्याकडच्या बोलीत शहरी वाचक सुरुवातीला अडखळतो. अडखळू दे, पुढं जिभेला सवय होते. माझी तक्रार वेगळी आहे. एकाच भावनेभोवती वाक्यं घिरट्या घालत राहतात आणि मधल्या काही पानांत म्हैस आणि माणूस दोघंही थकण्याआधी वाचक थकतो.

नंदा खरे यांची ‘उद्या’ मी चिडत चिडत आणि मजा घेत वाचली. या कादंबरीला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खऱ्यांनी तो नाकारला. माणसांवर पाळत ठेवणारी यंत्रणा, कंपन्यांची सत्ता, घटत चाललेल्या मुली हे सगळं त्यांनी आधीच हेरून ठेवलं होतं. आज वाचताना त्यातलं बरंच काही कालच्या बातमीसारखं वाटतं. पण अंदाज बरोबर येणं हा ज्योतिषाचा गुण झाला. ‘उद्या’त पात्र तोंड उघडतं आणि नंदा खरे बोलू लागतात. ते हुशार बोलतात, तिरकस बोलतात, म्हणून आपण ऐकतो, पण माणसं वेगवेगळी राहत नाहीत. त्यापेक्षा त्यांची १९९७ ची ‘अंताजीची बखर’ मला कितीतरी सरस वाटते. तिथं इतिहासावरची सगळी मतं एका बेरकी माणसाच्या तोंडून येतात, आणि बेरकी माणसाला मतं शोभतात.

देवीदास सौदागर यांची ‘उसवण’ लहानशी आहे. रेडिमेड कपड्यांमुळं काम आटत गेलेल्या शिंप्याची ही गोष्ट लिहिणाऱ्यानं स्वतः हा धंदा केलेला आहे. २०२४ चा युवा पुरस्कार तिला मिळाला याचा आनंद झाला. दुकानाच्या आतल्या गोष्टी या लेखकाला ठाऊक आहेत, हे पानोपानी कळतं. मात्र संकटं अशी रांगेनं येतात की पुढचं पान उलटण्याआधी अंदाज येतो. यांची पुढची कादंबरी आली की मी लगेच घेईन.

दुसऱ्यांदा वाचली ती सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. २००६ सालची. २०२२ मध्ये तिच्यावर सिनेमा आला आणि अनेकांना ती आठवली. तनय आणि अनुजा हे भाऊबहीण घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. पहिला भाग तनयचा, निघून गेलेल्या त्या तरुणाशीच ‘तू’ म्हणत बोलणारा, आठवण येईल तसा मागेपुढे जाणारा. दुसरा भाग म्हणजे अनुजाची डायरी. त्या तरुणाला कादंबरीभर नाव नाही. एकाच्या सांगण्यात जे सगळ्यात मोठं, ते दुसरीच्या वहीत जवळपास नसतंच, आणि खरी कादंबरी या फटीत घडते. मुलगी पळून गेली याचं दुःख घरच्यांना उघड करता येतं, रडता येतं, नातेवाईक येऊन सल्ले देतात. मुलाचंही त्याच दिवशी काही गेलंय, हे जेवणाच्या टेबलावर कुणाच्या ध्यानातही येत नाही. कुंडलकर त्यावर एका शब्दाचंही भाषण करत नाहीत. विशीत लिहिलेल्या पुस्तकात एवढा संयम सहसा दिसत नाही. खोट काढायचीच तर तो पाहुणा. चित्रं काढणारा, आगापिछा नसलेला, कुणाचं काही देणं न लागणारा तरुण. तो माणूस कमी आणि या दोघांची इच्छाच जास्त वाटतो.

रंगनाथ पठारे यांच्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’बद्दल बोलताना आवाज आपोआप खाली जातो, इतका पठारेंचा दबदबा. ‘ताम्रपट’ लिहिणाऱ्या माणसाचा तो असायलाच हवा. यादवकाळापासून आजपर्यंत एका कुळाची शेकडो वर्षं, जवळपास आठशे पानं. कुळाच्या शुद्धतेचा अभिमान त्यात ज्या निर्भयपणे उसवला जातो, तसं मराठीत फार कुणाला जमलेलं नाही. पण जिथं पूर्वज जगतात, भांडतात, पळून जातात तिथं पानं भराभर उलटतात, आणि जिथं कुळांची चर्चा सुरू होते तिथं मी पेन्सिल हातात घेतली. प्रकाशकानं ती आधी घ्यायला हवी होती. मोठ्या लेखकाला ‘हे काढा’ म्हणणारा संपादक आपल्याकडे दुर्मीळ झाला आहे, आणि त्याची किंमत वाचक दोनदा मोजतो, पैशानं आणि वेळानं.

यातल्या दोनच विकत घ्यायच्या असतील तर ‘रिंगाण’ आणि ‘कोबाल्ट ब्लू’ घ्या. ‘सातपाटील’ वाचनालयातून आणा, पण मुदतवाढ लागेल हे आधीच सांगून ठेवा.