विशेषणांखाली हरवलेला जवान

आपल्याकडे सैनिकाची गोष्ट सुरू झाली की आधी विशेषणं येतात. शूर, निधड्या छातीचा, धारातीर्थी पडलेला. गोष्ट संपते, टाळ्या होतात. पण तो माणूस कसा होता, हे काही कळत नाही. पोस्टिंगमध्ये वाचलेल्या तीन भाषांतल्या तीन कथांत मात्र माणूस भेटला. तिघांची सांगायची तऱ्हा वेगळी आहे.

पहिली हिंदीतली, चंद्रधर शर्मा गुलेरी यांची १९१५ सालची ‘उसने कहा था’. अमृतसरच्या बाजारात एक मुलगा आणि एक मुलगी भेटतात. मग कथा पंचवीस वर्षं ओलांडून थेट पहिल्या महायुद्धाच्या खंदकात उतरते. जमादार लहनासिंग आजारी बोधासिंगला आपली पांघरुणं देतो. स्वतःची जखम लपवून त्याला आणि त्याच्या सुभेदार वडिलांना आधी गाडीतून पाठवतो. का, ते गुलेरी शेवटपर्यंत राखून ठेवतात. ती मुलगी म्हणजेच सुभेदारीण. दोघांना सांभाळा, एवढंच तिनं मागितलं होतं. दिलेल्या शब्दाची गोष्ट, पण शब्द कळतो तो लहनासिंग मरताना.

दुसरी उर्दूतली, मंटोची ‘टिटवाल का कुत्ता’. काश्मीरमध्ये समोरासमोर दोन मोर्चे आणि मध्ये एक भटकं कुत्रं. दोन्हीकडचे त्याला नाव देतात, खेळवतात आणि शेवटी त्याच खेळात ते गोळीनं मरतं. एका बाजूचा सुभेदार त्याला शहीद म्हणतो, दुसरीकडचा जमादार म्हणतो कुत्र्याच्या मौतीनं मेलं. मंटो स्वतः काहीच बोलत नाही. किस्सा सांगून तो बाजूला होतो.

तिसरी अमेरिकन. टिम ओब्रायन स्वतः व्हिएतनाममध्ये लढला होता. त्याची ‘द थिंग्ज दे कॅरीड’ क्वार्टर मास्टरच्या वहीसारखी चालते: कोणाच्या पाठीवर काय, त्याचं वजन किती. दारूगोळा, रेशन, पत्रं, भीती. या यादीतच एका साथीदाराचा मृत्यू पुन्हा पुन्हा डोकावतो. ज्यानं पिट्टू वाहिलाय, त्याचे खांदे वाचताना दुखतात.

एकानं कारण राखून ठेवलं, दुसऱ्यानं मत गिळलं, तिसऱ्यानं नुसती यादी दिली. ‘तो शूर होता’ हे वाचकाला पटवायला तिघांपैकी कोणीच बसलेलं नाही.

कोणी म्हणेल, घरच्यांना गौरव हवा असतो. हवाच, आणि त्यासाठी गावात स्मारक असतं, पंधरा ऑगस्टचं भाषण असतं. पण वडिलांना कधी न पाहिलेल्या मुलाला ते भाषण पुरत नाही. आपला बाप लंगरमध्ये चहा किती गोड घ्यायचा, घरचं पत्र एकटाच वाचायचा की सगळ्यांना वाचून दाखवायचा, हे त्याला कोण सांगणार?

ते फक्त त्याच्या सेक्शनमधल्यांना ठाऊक असतं, आणि ते लोक आता पेन्शनीत निघाले आहेत. म्हणून माजी सैनिकांना माझी विनंती आहे. साहेब, लिहा. भाषा साधी असली तरी चालेल. त्याच्या पिट्टूत काय काय होतं, तिथून सुरुवात करा.