आकृती तुमची, मग हात दुसऱ्याचा का?

सबमिशनचे दिवस आले की कॉलेजबाहेरच्या डीटीपीच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'दादा, ही आकृती जरा क्लिअर करून द्या ना!' दादा ती कोपऱ्याला धरून मोठी करतात आणि ती आणखीच धूसर होते. वर्षभर प्रयोग केलेले असतात, सर्व्हेसाठी उन्हातान्हात पायपीट केलेली असते आणि शेवटी रिपोर्टमध्ये छापला जातो एक पुसट डाग. चूक दादांची नाही. मुळात चित्रच चुकीच्या जातीचं असतं.

कॉम्प्युटरवरचं चित्र दोन प्रकारचं असतं. पहिला प्रकार पिक्सेलचा. चौकटीच्या वहीत एकेक चौकोन रंगवून चित्र काढावं, तसं. मोठं केलं की चौकोन मोठे होतात, तपशील वाढत नाहीत. जेपीईजी, पीएनजी आणि मोबाइलचा स्क्रीनशॉट हे सगळे या घरातले. दुसरा प्रकार व्हेक्टरचा. तो कंपासपेटीतल्या भूमितीसारखा असतो. केंद्र इथे, त्रिज्या इतकी, रेषेची जाडी एवढी, अशी सूचनाच फाइलमध्ये लिहिलेली असते. वहीवर काढा नाहीतर फ्लेक्सवर, वर्तुळाची कड तशीच स्वच्छ राहते.

आता हिशेब करून बघा. 'नेचर' हे नियतकालिक एका कॉलमच्या आकृतीसाठी ८९ मिलिमीटर रुंदी मागतं, म्हणजे साडेतीन इंच. ३०० डीपीआयने छापायचं तर साधारण १,०५० पिक्सेल लागतात. तेच चित्र तुम्ही 'आविष्कार'च्या पोस्टरसाठी ४२० मिलिमीटरपर्यंत ताणलंत, तर इंचाला जेमतेम ६४ पिक्सेल उरतात. परीक्षक दोन फुटांवरून अक्षरं वाचायला जातात आणि डोळे बारीक करतात. व्हेक्टर आकृतीला हा प्रश्नच पडत नाही.

मग शिकायचं कशावर? इलस्ट्रेटर उत्तम आहे, पण त्याचं सबस्क्रिप्शन विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारं नाही. म्हणून पेनड्राइव्हवरून क्रॅक व्हर्जन फिरत राहतं आणि सोबत व्हायरसही. त्याची गरजच नाही. इंकस्केप हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे. २००३मध्ये 'सोडीपोडी' नावाच्या प्रकल्पातून ते वेगळं झालं आणि आजही जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. त्याची स्वतःची फाइल एसव्हीजी, म्हणजे वेबसाठीचं खुलं मानक.

सगळं सॉफ्टवेअर शिकायला बसू नका, वैतागाल. रिसर्चच्या आकृतीसाठी मोजक्या गोष्टी पुरतात. आधी डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये पानाची रुंदी मिलिमीटरमध्ये ठरवा. आधी काढून मग लहान करत बसलं की अक्षरं मुंगीएवढी होतात. दुसरं, ग्राफचा स्क्रीनशॉट घेऊ नका. पायथन किंवा आर वापरत असाल तर ग्राफ थेट एसव्हीजीमध्ये सेव्ह होतो. एक्सेलवाल्यांनी पीडीएफ करून ती इंकस्केपमध्ये उघडावी. मग अनग्रुप करा, नको त्या चौकटी आणि जाळ्या काढून टाका. तिसरं, डोळ्याच्या अंदाजाने सरकवत बसण्यापेक्षा अलाइन अँड डिस्ट्रिब्यूट वापरा, चार ग्राफ एका क्लिकमध्ये ओळीत उभे राहतात. चौथं, लेयर्स. ग्राफ एका थरावर, लेबलं दुसऱ्यावर. पाचवं, वळणदार रेषा काढणारं बेझिए पेन. पिअर बेझिए हे रेनॉ कंपनीतले इंजिनीअर. १९६०च्या दशकात मोटारींच्या बॉडीचे आकार रेखायला त्यांनी ज्या वक्ररेषा वापरल्या, त्याच आज तुमच्या पेशीचं आवरण काढतात. हात बसायला थोडा वेळ लागतो, पण बसतो.

रंग निवडताना लाल-हिरवी जोडी टाळा. काही जणांना, त्यातही पुरुषांना जास्त, हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. निळा-नारिंगी घ्या, झेरॉक्समध्येही फरक कळावा म्हणून एक रेषा तुटक ठेवा. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी लेबलं युनिकोडमध्ये टाइप करावीत. 'मुक्ता'सारखा मोफत फॉन्ट हाताशी आहे.

एक मर्यादाही लक्षात घ्या. मायक्रोस्कोपचा फोटो हा फोटोच राहणार. तो एसव्हीजी फाइलमध्ये चिकटवला म्हणून व्हेक्टर होत नाही. तिथे मूळ फोटोच चांगल्या रिझोल्यूशनचा हवा. व्हॉट्सअॅपवरून आलेला दाबलेला फोटो नको.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हेक्टर फाइलमध्ये ग्राफवरचा प्रत्येक बिंदू सुटा असतो. नको असलेला बिंदू उचलून रेषेवर नेऊन ठेवणं हे दोन सेकंदांचं काम आहे. तिथेच तुमची परीक्षा आहे. रंग, जाडी, फॉन्ट, मांडणी बदलणं ही सजावट. बिंदू, स्तंभ किंवा अक्ष हलवणं ही फसवणूक. ही सीमारेषा सॉफ्टवेअर आखून देत नाही, तुम्हालाच आखावी लागते. म्हणून मूळ डेटा आणि मूळ ग्राफ कायम वेगळा जपून ठेवा.

'एवढं कशाला? गूगलवरून उचलू, नाहीतर एआय देईल की काढून!' असं म्हणणारे भेटतीलच. उचललेली आकृती ही दुसऱ्याची मेहनत आहे. मजकूर चोरला तर प्लेजरिझम आणि चित्र चोरलं तर सोय, असं कसं चालेल? एआयने दिलेल्या चित्रात बाण चुकीच्या ठिकाणी गेला, तर तो चुकलाय हे ओळखायला आधी तुम्हाला विषय कळलेला हवा. व्हायव्हात एक्स्टर्नल विचारतात, 'हा बाण इकडे का जातो?' स्वतः काढलेल्याला उत्तर माहीत असतं, कारण काढतानाच त्याला तो प्रश्न पडलेला असतो.

हे फक्त सायन्सवाल्यांसाठी आहे, असंही नाही. भूगोलाचे नकाशे, समाजशास्त्रातल्या वंशावळी, पुरातत्त्वातली खापरांची रेखाटनं, सगळीकडे हेच लागतं. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाला रिसर्चची वाट खुली झाली आहे. मग रिसर्च मेथडॉलॉजीत संदर्भ कसे द्यायचे याबरोबर आकृती कशी काढायची, याचं एक प्रॅक्टिकल का असू नये? सॉफ्टवेअरचा खर्च शून्य, लॅब आहेच. कॉलेजांनी एवढं तरी करावं.

पण कॉलेजची वाट बघत थांबू नका. येत्या रविवारी तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात पुसट आकृती निवडा आणि ती स्वतः नव्याने काढा. तीन-चार तास जातील. पुढची आकृती मात्र तासाभरात होईल, आणि तिच्याखाली तुमचं नाव लिहिताना हात अडखळणार नाही.