सौताड्याच्या कुंडाकाठी

पाटोदा तालुक्यातील सौताडा आपल्या माजी विद्यार्थ्यांना नव्याने सांगावयास नको. बालाघाटाच्या कड्यावरून विंचरणा नदी पावसाळ्यात खोल दरीत झेपावते. पायऱ्या उतरून गेले की रामेश्वराचे मंदिर आणि प्रपाताखालचे कुंड दिसते. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात एवढे पाणी पाहून सहलीतली मुले हरखून जातात, आणि त्याच क्षणी आम्ही शिक्षक ओरडतो, "मागे सरा, पाण्यात कोणी उतरायचे नाही!"

हा हुकूम चुकीचा नाही. शेवाळलेले खडक, अचानक वाढणारा प्रवाह, न कळणारी खोली; तेथे पट्टीच्या पोहणाऱ्यानेही जपावे. परंतु आमच्या धास्तीचे आणखी एक कारण प्रांजळपणे नोंदवतो : आमच्यापैकी बहुतेकांना पोहता येत नाही.

याचे मूळ इतिहासात आहे. खेड्यात पोरे पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला भोपळा किंवा डबा बांधून. ज्यांची विहीर, त्यांची मुले पोहणार. ज्यांना काठाबाहेर ताटकळून दुसऱ्याने वरून ओतलेले पाणी घ्यावे लागे, त्यांच्या लेकरांना पोहणे कोण शिकवणार? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक विहिरी व तलावांबरोबर स्नानघाटांवरील भेदभावही निषिद्ध ठरवला. पाणी पिण्याबरोबर पाण्यात उतरण्याचाही हक्क त्यात आहे, याचे स्मरण आपण फारसे ठेवले नाही.

हक्क कायद्याने मिळतो. विद्या मात्र शिकावी लागते. आपली कित्येक मुले ऊसतोड कामगारांची. सुटीत आईवडिलांकडे गेली की फडाजवळचा कालवा, शेततळे यांच्याशी त्यांची गाठ पडते. तेथे मागे ओढायला आम्ही नसतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, शाळेतील प्रत्येक मुलामुलीस जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, उथळ व सुरक्षित पाण्यात पोहणे शिकवावे. पालकांनी मुलींनाही निःसंकोच संमती द्यावी. माजी विद्यार्थ्यांनी या खर्चाचा वाटा उचलावा. आणि आम्हा शिक्षकांनी पन्नाशीची लाज न बाळगता मुलांसोबत पाण्यात उतरावे.

सौताड्याचे कुंड धोक्याचेच राहील. तेथे मुलांना आम्ही पुढेही अडवू. परंतु वाडवडिलांपासून चालत आलेली पाण्याची भीती या पिढीपाशी संपली पाहिजे.