तसबिरीतली आणि घरातली

आखाजीच्या सकाळी जळगावातील एका परिचित कुटुंबात जाणे झाले. पितरांची घागर भरून ठेवलेली होती. भिंतीवर दिवंगत गृहिणीची हार घातलेली तसबीर होती. घरातील आजी सांजोरीचा तुकडा मोडीत सहज म्हणाल्या, "आमच्या पहिलीच्या हाताला चव होती हो!" ताट घेऊन येणारी सून दारातच थबकली. चौदा वर्षे तिने हे घर सांभाळले, पहिलीची दोन्ही मुले वाढविली. पण त्या घरात तिची ओळख अजूनही 'दुसरी' हीच आहे.

आजींच्या मनात दुष्टावा नव्हता, हे मान्य. परंतु जिवंत सवतीशी भांडता तरी येते. तसबिरीतल्या सवतीशी कसे भांडणार? ती चुकत नाही, थकत नाही, उलट उत्तर देत नाही. तिच्याशी तुलना झाली की घरातली नेहमीच हरते.

पूर्वी दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात 'सवतीचा टाक' बांधीत. गेलेलीचा कोप होऊ नये, ही त्यामागची समजूत. आज शिकलेल्या घरांतून तो टाक गेला. तुलनेचा टाक मात्र अजून गळ्यातच आहे.

या संदर्भात खानदेशाने एक थोर संसार जवळून पाहिला आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रथम पत्नी सखूबाई १८७३ साली निवर्तल्या. त्याच वर्षी वडिलांच्या आग्रहाखातर रानड्यांना अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह करावा लागला. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याने कुमारिकेशी लग्न केले म्हणून टीकाही झाली, आणि ती गैरवाजवी नव्हती. परंतु पुढे त्यांनी जे केले ते लक्षात घेण्याजोगे आहे. गेलेलीची उणीव भरून काढण्याचे ओझे त्यांनी या मुलीवर टाकले नाही. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा विरोध असताना तिला स्वतः शिकविले. वासुदेव बळवंत फडके यांच्या उठावानंतर सरकारची वक्रदृष्टी झाली आणि १८७९ साली रानड्यांची धुळ्यास बदली झाली. त्या संशयाच्या दिवसांतही रमाबाई त्यांच्यासोबत होत्या. याच रमाबाईंनी पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. आज त्यांना कोणी 'रानड्यांची दुसरी बायको' म्हणून ओळखत नाही.

आपल्या परंपरेने गेलेल्या सवाष्णीसाठी भाद्रपद वद्य नवमी, म्हणजेच अविधवा नवमी, राखून ठेवली. त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालावे, तिची ओटी भरावी. स्मृतीला तिथी दिली म्हणजे मानही दिला आणि मर्यादाही घातली. उरलेले दिवस घरात वावरणाऱ्या गृहलक्ष्मीचे आहेत. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या आपण ही मर्यादा पाळतो का?

पहिली जबाबदारी पतीची. आईने तुलना आरंभली की वर्तमानपत्रात डोके खुपसून बसणे ही तटस्थता नव्हे, संमती आहे. मुलांना त्यांची जन्मदात्री विसरायला लावू नये. मात्र 'सावत्र' हा शब्द शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांच्या कानी घालू नये. तसबीर उतरविण्याचीही गरज नाही. तिच्याखाली उभ्या असलेल्या बाईला आपले वाटेल इतकी जागा घरात हवी.

अनेक घरांत पहिलीचे आईवडील दुसरीलाही लेक मानतात. ही रीत फार शहाणपणाची आहे. ज्यांची लेक गेली त्यांनीच दुसरीला जवळ केले, तर सासरी तुलना करायला कोणाचे तोंड उघडेल? आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. पुढच्या आखाजीला जळगावच्या त्या घरी पहिलीच्या माहेराहून मुराळी यावा, एवढेच मागणे आहे.