गिरणगाव ते वांगणी : ही प्रगती की हद्दपारी?



दरडोई उत्पन्नात मुंबई आणि ठाणे महाराष्ट्रात वरच्या रांगेत आहेत, असे सरकारी पाहण्या थाटामाटात सांगतात. उपनगरांत इमले चढले, माणसे वाढली, तेव्हा मराठी कामगार सुखी झाला, असा त्याचा अर्थ शेटजींचे भाट लावतात. आम्ही एवढेच विचारतो : हे उत्पन्न कोणाच्या खिशात गेले? आणि आमची माणसे गेली कुठे?

शिरगणतीच उत्तर देते. कुलाब्यापासून शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्यात २००१ साली ३३ लाख ३८ हजार माणसे होती. २०११ साली ३० लाख ८५ हजार उरली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा (तेव्हा पालघर त्यातच होते) ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. बदलापूर लाखाच्या आतून पावणेदोन लाखांवर पोहोचले. मराठी मातृभाषा सांगणारे अख्ख्या मुंबईत ४५ लाखांवरून ४४ लाखांवर आले. ज्या शहरासाठी १०६ हुतात्म्यांनी प्राण दिले, ते १ मे १९६० रोजी महाराष्ट्राच्या नकाशावर आले. पण ते मिळवणारा कामगार मात्र लोकलच्या शेवटच्या स्टेशनाकडे ढकलला गेला!

भाट म्हणतात, "मराठी माणूस आपल्या मर्जीने गेला. चाळीतली खोली विकली, उपनगरात मालकीचा ब्लॉक घेतला. यात वाईट काय?"

मर्जीने? वा रे मर्जी! १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाख कामगार संपावर होते. पगार बंद, वाण्याची उधारी डोक्यावर, पोरांच्या शाळेची फी थकलेली. गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थंडावले. अशा वेळी ज्याने खोली विकली, त्याने ब्लॉकाची हौस केली नाही, देणे फेडले. पोटावर पाय आल्यावर केलेल्या सौद्याला मर्जी म्हणत नाहीत.

आणि जमिनीचे काय झाले? १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरण्यांच्या मोकळ्या होणाऱ्या जमिनीचा एक हिस्सा महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला, अशी वाटणी होती. २००१ साली नियम फिरवला : आधीपासून रिकामी असेल तेवढ्याच जमिनीची वाटणी! मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जिथे आपले साचे धडधडत, तिथे मॉल आणि टॉवर उभे राहिले. आपल्या वाट्याला चतकोर आला.

आता त्या सरासरीची मेख पाहा. दहा माणसे धरा. नऊ जण महिना १५ हजार मिळवतात आणि दहावा ८ लाख ६५ हजार. सरासरी निघते बरोबर एक लाख! कागदावर दहाही जण लखपती; घरी जाऊन पाहाल तर नऊ चुलींवर तीच आमटी. गिरणीत कायम कामगाराला फंड होता, बोनस होता, युनियन होती. आज त्याचा मुलगा बदलापूरहून लोंबकळत येतो आणि बापाच्याच गिरणीच्या जागेवरच्या टॉवरच्या फाटकावर कंत्राटी पहारा करतो. जाऊन-येऊन तीन तास गाडीत जातात. त्याची मजुरी कोण देतो?

एवढ्यावरही भागले नाही. घरासाठी दीड लाखांहून जास्त अर्ज आले. २०२४ पर्यंत वीस हजार घरेही हाती पडली नाहीत. मग मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला : बोरीबंदरापासून पाऊणशे किलोमीटरांपलीकडे! त्याच वांगणी-बदलापूरच्या पट्ट्यात २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना सोडवावे लागले होते. नाकारेल त्याचा हक्क गेला, ही त्यातली अट तर सरळ दमदाटी होती. म्हणूनच ९ जुलै २०२५ ला म्हातारे कामगार भर पावसाळ्यात आझाद मैदानावर आले.

बंधूंनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. उत्तरेकडून पोट भरायला आलेला मजूर आपली जागा खाऊन बसलेला नाही. तोही झोपडीत राहतो, तोही कंत्राटात भरडला जातो. आपले भांडण जमिनीच्या मालकाशी आणि त्याला नियम फिरवून देणाऱ्यांशी आहे. ते सोडून दुबळ्याच्या गळ्याला हात घातलात, तर शेटजी गालात हसेल.

आमचे मागणे साधे आहे : ज्या मुंबईत घाम गाळला त्या मुंबईत घर, परवडेल त्या किमतीत, आणि आमच्या पोरांना कायमची नोकरी. भाषेचे राज्य पाटीवर लिहून टिकत नाही. ती भाषा बोलणाऱ्याला त्या गावात चूल पेटवता आली, तरच ते टिकते.

मुंबई मिळवली. आता मुंबईत राहण्याचा हक्क मिळवू!