गल्ल्याला कुलूप, संगणक मात्र उघडा!

साक्री-पिंपळनेरच्या बाजारात कापडाच्या पेढीवर संगणक आता नवलाईची वस्तू राहिलेला नाही. सुरतेच्या मालाची बिले, मालेगाव-भिवंडीच्या व्यापाऱ्यांचे देणे, खेड्यापाड्यांतील गिऱ्हाइकांची उधारी आणि जीएसटीचा हिशोब, सारे त्याच्या पोटात असते. रात्री दुकान वाढविताना आम्ही व्यापारी शटरचे कुलूप दोनदा ओढून पाहतो. संगणकाचे विचारले तर मात्र उत्तर ठरलेले, 'ते मुनीम पाहतो' किंवा 'दुरुस्तीवाला पाहतो.' आमचे स्पष्ट मत असे, की रोजमेळाची वही सांभाळणे जसे मालकाचे काम होते, तसे संगणक सांभाळणे हेही मालकाचेच काम आहे.

संगणकाचा सारा कारभार चालविणारी मूळ प्रणाली, म्हणजे आपल्याकडे बहुधा विंडोज, हिला सतत डागडुजी लागते. चोर नवी फट शोधतो, कंपनी ती बुजविते. या बुजवणीलाच अपडेट म्हणतात.

'आमच्या लहानशा दुकानावर कोण हल्ला करील?' असे विचारले जाते. पण व्हायरस दुकानाची पाटी वाचून आत शिरत नाही. २७ जून २०१७ रोजी, जीएसटी लागू होण्यास चार दिवस असताना, 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस युक्रेनमधील एका हिशोबाच्या प्रोग्रामातून सुटला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. पुढे ४५ हजार संगणकांवर सारी व्यवस्था नव्याने बसवावी लागल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये सांगितले. ज्या फटींतून हा व्हायरस पसरला, त्यांतील एक मोठी फट बुजविणारे अपडेट मार्च २०१७ मध्येच आले होते. पण एका संगणकावरील पासवर्ड चोरून तो अपडेट केलेल्या संगणकांतही घुसला. कंपनीच्या जाळ्याची मुख्य नोंद जगभर पुसली गेली. एकच प्रत वाचली, ती आफ्रिकेतील घाना येथे, कारण नेमक्या त्या वेळी तेथील वीज गेली होती! भारनियमनाने त्रासलेल्या आम्हा खानदेशी माणसांनी यातून एवढे शिकावे, की जी प्रत जोडलेली नसते तीच वाचते.

व्यापारी बंधूंनी पुढील गोष्टी आजपासूनच कराव्यात.

१) सेटिंग्जमधील 'सिस्टिम'मध्ये 'अबाऊट' उघडून आपली आवृत्ती पाहावी. विंडोज १० ची नियमित डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली होती. तेवढ्यावर विसंबून राहू नये.

२) नवे यंत्र घेण्याची घाई नको. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते. आपल्या यंत्रात ती आहे का, हे आधी तपासावे. नसल्यास लिनक्स ही मोफत आणि कायदेशीर प्रणाली आहे. आपल्या सी-डॅकने 'बॉस' ही त्याच जातीची प्रणाली तयार केली आहे. मात्र आपला हिशोबाचा प्रोग्राम तिच्यावर चालतो का, याची खात्री करून घ्यावी.

३) चोरीची विंडोज टाकून घेऊ नये. ज्याने कुलूप तोडून दिले, त्याने किल्ली स्वतःजवळ ठेवली नसेल कशावरून?

४) 'ॲडमिनिस्ट्रेटर'चे खाते मालकाने स्वतःकडे ठेवावे. मुनिमाला रोजच्या कामासाठी साधे खाते द्यावे. यात अविश्वास नाही, तिजोरीची किल्लीही आपण कोणाच्या हाती देत नाही.

५) अपडेट लग्नसराईच्या भर गर्दीत नव्हे, तर दुकान वाढविल्यावर चालवावे. ते पूर्ण होईपर्यंत बटण दाबून यंत्र बंद करू नये. यूपीएस असावाच.

६) हिशोबाची प्रत रोज बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि लगेच डिस्क काढून ठेवावी. आठवड्याची दुसरी प्रत घरी न्यावी. महिन्यातून एकदा ती उघडून पाहावी. जी प्रत उघडत नाही, ती प्रतच नव्हे.

या कामाला फारसा पैसा लागत नाही, शिस्त लागते. जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. 'संगणक बिघडला' हे कारण अधिकाऱ्यापुढे सांगून सुटका होईल, या भरवशावर राहू नये. त्याहून मोठी जबाबदारी गिऱ्हाइकाची आहे. कांदा किंवा कपाशी विकली की शेतकरी उधारी फेडतो आणि बहुधा पावतीही मागत नाही. आमच्या नोंदीवर त्याचा विश्वास असतो. ती नोंद पुसली गेली तर त्याने दिलेले पैसे कोणी सिद्ध करावेत? उधारीची नोंद म्हणजे गिऱ्हाइकाने आमच्याकडे ठेवलेली अमानत आहे. तिची राखण दुरुस्तीवाल्यावर सोडून मालकाला मोकळे होता येणार नाही.